टोमणे समजणारं यंत्र

नारायण पेठेतल्या आमच्या घरात कुणी कुणाला सरळ काही सांगत नाही. पंखा बंद करायचा असेल तर आई म्हणते, "वीजबिल आपल्याला माफ झालंय वाटतं." दिवा लावायचा असेल तर, "अंधारात बसायची फॅशन आहे का हल्ली?" ज्याला लागायचं त्याला लागतं आणि तो उठतो. अशा घरात मी बोललेलं ऐकून दिवे लावणारं यंत्र बसवायला निघालो.

विकतचं मिळतं, पण मग घरातलं बोलणं (विशेषतः आत्याविषयीचं) कुठल्या तरी परक्या सर्व्हरवर जाणार. म्हणून रास्पबेरी पाय हा छोटासा संगणक आणि त्यावर होम असिस्टंट ही घरातली उपकरणं चालवणारी प्रणाली. हे मुक्तस्रोत आहे, सगळं घरातल्या घरात राहतं, आणि २०२३ हे अख्खं वर्ष त्या मंडळींनी आवाजाच्या कामाला वाहिलं होतं.

पायला कान नसतात. यूएसबी माइक वेगळा घ्यावा लागतो, म्हणून तापकीर गल्लीत गेलो. दुकानदाराने कशासाठी हवाय ते विचारलं, मी उत्साहाने सगळं सांगितलं. शांतपणे ऐकून घेऊन तो म्हणाला, "घरात बटणं नाहीत का?" हा आमच्या आईच्या माहेरचा असावा.

जोडणी झाली. 'हे जार्व्हिस' म्हटलं की यंत्र जागं होतं, मग व्हिस्पर नावाचं मॉडेल बोलणं लिहून काढतं, आणि ते लिखाण ठरवून दिलेल्या वाक्यांशी ताडून पाहिलं जातं. व्हिस्परला मराठी येतं, पण त्याचं पायला झेपणारं छोटं रूप मराठीत यथातथाच. शिवाय पाय ४ वर त्याला सुमारे ८ सेकंद लागतात, असं होम असिस्टंटवाल्यांनीच लिहून ठेवलंय. तेवढ्यात बाबा उठून दिवा लावून परत येऊन बसतात.

आईला 'हे' पसंत नव्हतं. "अनोळखी माणसाला 'हे' काय?" म्हणून ती 'अहो जार्व्हिस' म्हणायची. यंत्र ढिम्म. आतल्या खोलीतून बाबा मात्र "काय गं?" म्हणून ओ द्यायचे.

खरी मजा वाक्यांच्या फायलीत. चौकोनी कंसातला शब्द ऐच्छिक, गोल कंसात उभ्या रेघेने पर्याय, समास टॅबने नाही तर स्पेसनेच सोडायचा. एक स्पेस इकडची तिकडे झाली की फाईल रुसून बसते. 'दिवा लाव' हे वाक्य मी लिहिलं, पण ते आमच्याकडे म्हणतो कोण? मग जेवताना कान देऊन टोमणे टिपायला लागलो. 'अंधारात बसायची फॅशन' म्हणजे दिवा चालू. 'वीजबिल माफ' म्हणजे पंखा बंद. 'राहू दे, मी करते' इथे मात्र अडलो. आई म्हणाली तर त्याचा अर्थ 'ताबडतोब उठ'. हेच बाबा म्हणाले तर खरोखरच राहू द्यायचं असतं. सूर लिहून काढणारं मॉडेल अजून माझ्या पाहण्यात नाही. ते वाक्य वगळलं. उजेड हा शब्द असलेली सगळी वाक्यं मात्र सरसकट दिव्याकडे वळवली.

मग एका संध्याकाळी सगळ्यांना बसवून प्रात्यक्षिक. मी 'हे जार्व्हिस' म्हणालो, टिंग वाजलं, आणि मी तोंड उघडायच्या आत वायरींच्या गुंत्याकडे बघत आई म्हणाली, "मोठाच उजेड पाडलास!"

कुणी काही बोलेना. बाबा सवयीने उठायला लागले होते, तेवढ्यात दिवाणखान्यातले सगळे दिवे लागले.

आईने एकदा पायकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"बघ. त्याला एकदा सांगून कळतं."