वास्तववादी युद्धमालिका काढू इच्छिणाऱ्यांसाठी

कारगिलच्या युद्धावर वास्तववादी मालिका काढण्याचे तुम्ही मनावर घेतले आहे, हे ऐकून आनंद झाला. वास्तव नेमके कुठे दाखवायचे आणि कुठे हात आखडता घ्यायचा, याबद्दल नवख्या निर्मात्याच्या मनात फार गोंधळ असतो, म्हणून चार शब्द सांगणे भाग आहे. मुख्य मुद्दा असा की, वास्तव कपड्यांवर दिसले पाहिजे. चिखलाने माखलेला गणवेश, कपाळावरून ओघळणारे रक्त, कॅमेऱ्याच्या काचेवर उडालेली माती आणि स्फोटानंतर कानात घुमणारी शिट्टी, एवढे साधले की प्रेक्षक ‘अगदी खरे वाटते हो’ असे म्हणतो. ज्याने युद्ध पाहिलेले नाही त्याला ते खरे वाटावे, एवढेच आपले उद्दिष्ट असल्यामुळे पुढचे कष्ट वाचतात.

या बाबतीत परदेशी लोकांकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. ‘बँड ऑफ ब्रदर्स’ ही दहा भागांची अमेरिकी मालिका २००१ साली आली. दुसऱ्या महायुद्धातील एका छत्रीधारी कंपनीची ती कथा. तिच्यासाठी नटमंडळींना व्हिएतनाममध्ये लढलेले निवृत्त कॅप्टन डेल डाय यांच्या हवाली करून दहा दिवस सैनिकी शिबिरात रगडून काढले होते. गणवेश आणि हत्यारे यांच्याबाबत तर डोळ्यांत तेल घालून काम झाले. त्याच मालिकेच्या तिसऱ्या भागाच्या अखेरीस पडद्यावर अशी ओळ येते की, अल्बर्ट ब्लाइथ नावाचा सैनिक आपल्या जखमेतून कधीच सावरला नाही आणि १९४८ साली वारला. प्रत्यक्षात हा गृहस्थ बरा झाला, पुढेही सैन्यात राहिला आणि १९६७ साली वारला. त्याचे जुने सोबतीही तो केव्हाच गेला असे समजून होते, त्यामुळे दोष एकट्या लेखकाला देता येत नाही. तुम्ही यातून एवढेच घ्यावे की, खांद्यावरची फीत चुकली तर जाणकार तुमच्यावर तुटून पडतात, माणसाच्या आयुष्यातली एकोणीस वर्षे गळाली तर मात्र मालिकेला पारितोषिके मिळायला काहीच अडचण येत नाही.

दहा दिवसांच्या शिबिराचा मोह तुम्ही टाळावा. आपल्या नायकाच्या तारखा तशा मिळत नाहीत, आणि मिळाल्याच तर त्या व्यायामशाळेत घालवणे अधिक फायद्याचे असते, कारण तोलोलिंग शिखराच्या चढावर त्याला एकदा तरी शर्ट काढायचा आहे. तोलोलिंगची उंची सुमारे पंधरा हजार फूट. तेथील हवेत प्राणवायू समुद्रसपाटीच्या मानाने जेमतेम सहा दशांश उरतो. पाठीवर पिठ्ठू, हातात रायफल, झाड ना झुडूप अशी उघडी चढण आणि वरच्या सांगरमधून, म्हणजे दगड रचून केलेल्या आडोशातून, खाली रोखलेली मशिनगन, अशा स्थितीत माणूस चार पावले टाकतो, उभा राहतो, तोंडाने श्वास ओढतो आणि पुन्हा चार पावले टाकतो. बोलण्यासाठी श्वास उरत नाही आणि बोलायचेही नसते, कारण रात्रीच्या शांततेत दगड निसटल्याचा आवाजसुद्धा वर ऐकू जातो. हे सगळे जसेच्या तसे दाखवायचे ठरवले तर तुमच्या हाती पाऊण तासाची धाप लागेल आणि संवादलेखकाचे मानधन फुकट जाईल. तेव्हा नायकाने चढता चढता सहकाऱ्यांना मातृभूमीविषयी तीन मिनिटांचे भाषण द्यावे, तेही खणखणीत आवाजात, आणि शत्रूने सभ्यपणे भाषण संपेपर्यंत थांबावे.

उंचीवरच्या हवेची सवय होण्यासाठी लष्कराच्या नियमाप्रमाणे पहिल्या टप्प्यातच सहा दिवस थांबावे लागते, ही माहिती सल्लागार तुम्हाला देतीलच. ती वहीत लिहून घ्यावी आणि वही मिटावी. १९९९ च्या त्या मे महिन्यात काही तुकड्यांना एवढी उसंत न मिळताच वर जावे लागले, पुरेसे उबदार कपडेही सर्वांपर्यंत पोचले नव्हते, हा विषय काढलात तर कथा नायकावरून सरकून फायलींकडे जाते, आणि फाइल नाचू शकत नाही. पिठ्ठूत खाण्याच्या जागी जादा गोळ्या भरून नेणाऱ्या जवानांची हकिकत मात्र घ्यायला हरकत नाही. फक्त भुकेने त्यांचे हात कसे थरथरत असतील ते दाखवू नये, त्याने नेमबाजी खोटी वाटू लागते.

त्या अमेरिकी मालिकेचा एक दुर्गुण मुद्दाम सांगून ठेवतो. बेल्जियममधील बास्तोन्य गावाच्या वेढ्यावरचा तिचा सहावा भाग यूजीन रो या वैद्यकीय सेवकाभोवती फिरतो, आणि हा कथानायक बर्फात एका खड्ड्यातून दुसऱ्या खड्ड्यात जाऊन काय करतो, तर कात्री मागतो. कुणाकडे कात्री आहे का, मॉर्फिन आहे का, बँडेज उरले आहे का. जगातली एवढी मोठी लढाई चालली आहे आणि माणूस कात्री शोधतो आहे! युद्धावर गेलेली माणसे हे पाहून गप्प बसत असतील, पण आपला प्रेक्षक रिमोटकडे हात नेईल. तुमच्याकडे त्या वेळात दिल्लीतली निळ्या उजेडाची वॉररूम दाखवा, भिंतभर पडद्यांवर लाल ठिपके सरकू द्या आणि सूटातल्या अधिकाऱ्याला टेबलावर मूठ आपटू द्या.

घरच्या आघाडीकडे दुर्लक्ष होता कामा नये. नायकाची पत्नी सातारा जिल्ह्यातली घेतलीत तर मराठी प्रेक्षक आपोआप मिळतो. हल्ल्याच्या आदल्या रात्री तिचा मोबाइलवर फोन आलाच पाहिजे. जम्मू-काश्मीरमध्ये मोबाइल सेवा २००३ साली सुरू झाली, असे कुणी म्हणाले तर त्याला भावना कळत नाहीत असे समजावे. खरे तर तेव्हा ५६ एपीओ या लष्करी टपालघराच्या पत्त्यावर आंतर्देशीय पत्रे जात आणि येत, जवानाने लिहिलेले ‘मी खुशाल आहे’ हे पत्र त्याच्यानंतर घरी पोचण्याचे प्रसंगही घडले. पण पत्र वाचताना कुणी रडत नाही, नुसते उभे राहते, आणि नुसत्या उभ्या राहिलेल्या बाईच्या मागे कोणते संगीत वाजवायचे हा प्रश्न पडतो.

शत्रूचे पात्र सोपे असते. त्याच्या डोळ्यांत काजळ, तोंडात शेर आणि हातात कैदी दिला की झाले. येथे मात्र इतिहासाने तुमच्या वाटेत एक धोंडा टाकून ठेवला आहे, तो वेळीच बाजूला करावा. टायगर हिलवर पाकिस्तानी कॅप्टन कर्नल शेर खान (हुद्दा कॅप्टनचा, ‘कर्नल’ हे नावच) पडला, तेव्हा आपल्या ब्रिगेडियर एम. पी. एस. बाजवा यांनी त्याच्या शौर्याची दखल घेणारी चिठ्ठी त्याच्या खिशात ठेवून मृतदेह परत पाठवण्याची व्यवस्था केली, आणि पुढे पाकिस्तानने त्याला निशान-ए-हैदर हा आपला सर्वोच्च सन्मान दिला. ज्यांचे मृतदेह स्वीकारायला त्यांचा देश तयार नव्हता, अशा पाकिस्तानी सैनिकांना आपल्या जवानांनी त्यांच्या धर्माप्रमाणे दफन केले, हेही जगजाहीर आहे. हे दाखवून आपल्या सैन्याची मान उंचावेल यात शंका नाही, पण समाजमाध्यमांवर तुमची मान कोण सांभाळणार?

सल्लागार म्हणून एखादे निवृत्त कर्नल अवश्य नेमावेत. त्यांना खुर्ची द्यावी, चहा द्यावा, श्रेयनामावलीत मोठ्या अक्षरांत नाव द्यावे आणि चित्रीकरणाची वेळ चुकीची कळवावी. प्रत्येक भागाच्या आरंभी ‘सत्य घटनांवर आधारित’ आणि त्याखाली ‘सर्व पात्रे काल्पनिक’ अशा दोन्ही पाट्या लावल्या की वकीलही निश्चिंत होतात.

राहता राहिला दुसऱ्या पर्वाचा प्रश्न. कोरियाचे युद्ध तीन वर्षे चालले आणि त्यावरची ‘मॅश’ ही मालिका अमेरिकेत १९७२ पासून १९८३ पर्यंत चालली, हा आदर्श आपल्या लेखकांना सांगायला नको, ते या कामात मूळचेच तरबेज आहेत. अडचण एवढीच की कारगिल मे ते जुलै एवढ्यातच आटोपले. आपले ५२७ जण त्यात धारातीर्थी पडले, पण परमवीरचक्र चौघांनाच मिळाले असल्याने कथानके तेवढीच निघतात, आणि ती पहिल्या पर्वातच संपतील. कुणी म्हणेल, तेराशेच्या वर जखमी झाले, त्यांच्यावर दुसरे पर्व काढा. सुरुंगात पाय गेलेला माणूस गावी परत येतो, जयपूर फूट बांधून एसटीच्या पायऱ्या चढायला शिकतो, दर वर्षी २६ जुलैला शाळेत हार घालून घेतो आणि दुसऱ्या दिवशी कुठल्याशा कार्यालयात दाखल्यासाठी बाकावर बसतो. यात गोळीबार नाही, आणि ही गोष्ट कोणत्या भागात संपवायची तेही लेखकाच्या हाती नाही. त्यापेक्षा नायकाला सरळ हेरखात्यात पाठवावे. तेथे चित्रीकरण इस्तंबूलला करता येते आणि गणवेशाचा खर्चही वाचतो.