गीझरच्या व्हॉल्व्हला डमी बसवू नका

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर थंडी सुरू झाली की एक मेसेज फिरतो: ‘गीझरखालच्या व्हॉल्व्हमधून पाणी टपकतंय म्हणजे तो बिघडलाय. डमी (तोंड बंद करणारं बूच) बसवून टाका, थर्मोस्टॅट आहे, धोका नाही. धार बारीक असेल तर व्हॉल्व्हच काढा.’ यंदा आमच्याच विंगमधल्या एका काकांनी डमी बसवून घेतली, म्हणून हे लिहायलाच हवं.

टपकणं म्हणजे बिघाड, हेच मुळात खोटं. पाणी तापलं की फुगतं. २० अंशांवरून ६० अंशांपर्यंत गेलं की साधारण दीड टक्क्याने, म्हणजे २५ लिटरच्या टाकीत जवळजवळ ३८० मिली. नळ बंद, आणि थंड पाण्याच्या तोंडाशी, याच व्हॉल्व्हमध्ये, एकाच दिशेने उघडणारी झडप. हे जास्तीचं पाणी व्हॉल्व्हमधूनच बाहेर पडणार. तापताना टपकतं आणि नंतर थांबतं, तोवर व्हॉल्व्ह ठणठणीत आहे.

आता थर्मोस्टॅट. तो फक्त तापमान बघतो, दाब नाही. तो अगदी नीट चालला तरी वीज तुटायच्या आधीच पाणी फुगलेलं असतं, आणि डमी लावल्यावर तो सगळा ताण टाकीच्या जोडांवर येतो. रोज सकाळी. आणि त्याचे पॉइंट चिकटले, पाणी जास्त तापल्यास वीज तोडणाऱ्या कटआउटनेही दगा दिला, तर कोंडलेलं पाणी १०० अंशांच्या पुढे तापतं. टाकी फाटताच त्यातलं काही पाणी क्षणात वाफ होतं. एका लिटरची वाफ सुमारे १,६०० लिटर जागा मागते. आपली बाथरूम केवढी, आणि आत आंघोळीला कोण असतं, याचा विचार करा.

धार बारीक असेल तर आधी थंड नळ उघडून बघा. तोही मंद असेल तर दोष गीझरचा नाही. पाण्याची १० मीटर उंची म्हणजे सुमारे १ बार दाब, त्यामुळे गच्चीच्या टाकीखालच्या पहिल्याच मजल्याला दाब कमीच मिळतो. फक्त गरम पाणी मंद असेल तर जाळी, मिक्सर, क्षार तपासा. टँकर किंवा बोअरचं पाणी असेल तर हमखास. व्हॉल्व्ह काढलात तर गच्चीची टाकी रिकामी झाल्यावर गीझरचं पाणी उलटं उतरू शकतं आणि पाणी तापवणारं एलिमेंट कोरडं जळतं.

गीझर रात्रभर बंद असूनही टपकत असेल तर मात्र प्लंबरला बोलवा. व्हॉल्व्हमध्ये क्षार अडकलेत किंवा लाइनचा दाब जास्त आहे. वीस मजली इमारतीत तळाशी ६ बारच्या आसपास दाब येऊ शकतो. तिथे दाब कमी करणारा व्हॉल्व्ह लागतो. नुसते थेंब नको असतील तर एक नळी मोरीपर्यंत सोडा, उताराने, शेवटचं तोंड उघडं ठेवून.