मुलांचे पाय रिकिबीला बांधा, हे कोणी सांगितले?

मुलीला घेऊन माथेरानला निघालेल्या माझ्या धाकट्या बहिणीने परवा मला एक संदेश पाठवला आणि खाली विचारले, ‘दादा, जुनी ओढणी चालेल ना, की दोरी घेऊ?’ गटागटांतून फिरणाऱ्या त्या संदेशात घोड्यावर बसणाऱ्यांसाठी चार सूचना आहेत. लहान मुलांचे पाय रिकिबीपर्यंत, म्हणजे खोगिराच्या बाजूला लटकणाऱ्या पाय ठेवायच्या कडीपर्यंत, पोहोचत नसतील, तर ते ती ज्याला लटकते त्या वरच्या पट्ट्याच्या फटीत अडकवून ओढणीने बांधावेत. मोठ्यांनी पकड असलेले स्पोर्ट्स शूज घालून पाऊल थेट टाचेपर्यंत आत सारावे, कारण मराठा घोडदळ असेच बसत असे. पडताना पाऊल मोकळे करणारी सेफ्टी रिकीब हे परदेशी कंपन्यांचे फॅड आहे. आणि पडताना लगाम अजिबात सोडू नये. लिहिणाऱ्याचे नाव नाही, आधार नाही, पण ठामपणा मात्र भरपूर आहे.

पहिली सूचना जीवघेणी आहे, म्हणून तिच्याविषयी सविस्तर लिहिणे भाग आहे. घोडा हा बिथरला की पळणारा प्राणी आहे. स्वार सुटून खाली पडला, तर त्याला मार लागेल, हाडही मोडेल, पण घोडा पुढे निघून जातो आणि अपघात बहुधा तेथेच संपतो. पाय अडकलेला राहिला, तर खरा अपघात तेथून सुरू होतो. स्वाराचे डोके जमिनीवर, घोड्याच्या मागच्या खुरांजवळ येते. आपल्या कुशीला काहीतरी लोंबकळते आहे हे जाणवून घोडा आणखी घाबरतो, आणखी वेगाने पळतो, लाथा झाडतो. आणि त्या अवस्थेत कंबरेतून वर उठून स्वतःचा पाय सोडवणे तरबेज स्वारालाही क्वचितच जमते, मग सात-आठ वर्षांच्या मुलीची काय कथा. पट्ट्याच्या फटीत घातलेले पाऊल पडताना पट्ट्यासह पिळले जाते आणि वजनाने फास अधिकच आवळतो. ओढणीने बांधण्याविषयी तर बोलायलाच नको.

ब्रिटनमध्ये १९२९ साली स्थापन झालेली पोनी क्लब ही संस्था मुलांना आणि तरुणांना घोडेस्वारी शिकवण्याचेच काम करते. तिच्या स्पर्धांच्या नियमांत स्पष्ट म्हटले आहे की पाय रिकिबीला बांधता येणार नाहीत, आणि पाय, पट्टे किंवा रिकिबी यांपैकी काहीही तंगालाही (खोगीर घोड्याच्या पोटाखालून आवळणाऱ्या पट्ट्याला) बांधता येणार नाही. रिकीब पावलाच्या मापाची हवी, हेही तेथे आकड्यात दिले आहे: बुटाच्या सर्वांत रुंद भागाच्या दोन्ही बाजूंना प्रत्येकी ७ मिलिमीटर जागा मोकळी असली पाहिजे. त्याहून अरुंद रिकिबीत पाऊल रुतून बसते. उलट रिकीब फार मोठी असेल, तर मुलाचे अख्खे पाऊल तिच्यातून आरपार जाते, आणि भाड्याच्या घोड्यांवर मोठ्यांच्याच मापाच्या रिकिबी असल्या, तर हा धोका अधिक असतो. म्हणून बहिणीला मी कळवले की मुलीच्या मापाची रिकीब मिळाली आणि पट्टा पुरेसा आखूड करता आला, तरच तिला बसव. एरवी गाड्या जेथे थांबतात त्या दस्तुरी नाक्याजवळच्या अमन लॉज स्थानकावरून शटल गाडी गावात जाते आणि चालतही जाता येते.

दुसऱ्या सूचनेत अर्धे सत्य आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. भाला किंवा तलवार चालवणारे घोडेस्वार बैठक पक्की राहावी म्हणून पाऊल खोल घालत, आणि पोलो खेळणारे काही जण आजही तसेच करतात. पण त्यांचे आयुष्य खोगिरावर गेलेले असते, आणि पोलोपटूच्या बुटाला टाच असते. ती टाचच पाऊल पुढे सरकून आरपार जाण्यापासून अडवते. पावलाचा रुंद भाग, म्हणजे चवडा, रिकिबीवर टेकवून टाच किंचित खाली ठेवावी, असे नवशिक्याला शिकवतात ते याच कारणासाठी. स्पोर्ट्स शूजला अशी टाच नसते, आणि ज्या खोल खाचांच्या तळव्याचे संदेशात कौतुक आहे तो तळवाच रिकिबीच्या पट्टीत अडकतो. पोनी क्लबच्या नियमांत असे बूट चालत नाहीत. (वरातीत बँड आणि फटाक्यांच्या गदारोळात, बिनटाचेची मोजडी घालून घोडीवर बसणाऱ्या नवरदेवांकडे मी अलीकडे काळजीनेच पाहतो.)

सेफ्टी रिकीब फॅड असल्याचा दावा दोन वाक्यांतच निकालात निघतो. बाहेरच्या बाजूला लोखंडाऐवजी जाड रबरी कडे असलेली रिकीब पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे आणि पायाचा ताण आला की ते कडे निसटून पाऊल मोकळे होते. रबराची बाजू बाहेरच हवी आणि तडे गेलेले कडे बदलले पाहिजे, एवढे पथ्य मात्र पाळावे लागते. लहान मुलांसाठी पुढून झाकलेल्या रिकिबीही मिळतात. त्यांतून पाऊल पुढे जाऊच शकत नाही. इंग्रजी पद्धतीच्या खोगिरात रिकिबीचा पट्टा ज्या लोखंडी पट्टीवर लटकतो, तिच्या टोकाला एक छोटी कळ असते. ती उघडी ठेवली, तर ओढ मागच्या दिशेने बसताच अख्खा पट्टाच रिकिबीसकट निसटतो. ती वर करून बंद ठेवणारे लोकही मी पाहिले आहेत.

उरला लगाम. घोड्यावर असेपर्यंत तो हातात हवाच, पण पडल्यावरही धरून ठेवला, तर घोड्याचे तोंड आणि त्यामागून पाय पडलेल्याकडेच वळू शकतात. या संदेशात उतरण्याविषयी मात्र चकार शब्द नाही. एक पाय रिकिबीत आणि दुसरा जमिनीकडे अशा स्थितीत घोड्याने दोन पावले टाकली तरी पाय अडकू शकतो. म्हणून घोडेवाल्याला लगाम धरायला सांगून आधी दोन्ही पाय रिकिबींतून बाहेर काढावेत आणि मगच खाली उतरावे.