पोळ्या परत का पाठवल्या: 'एक सांगलीकर' यांना उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया आली त्याच दिवशी वाचली होती, पण तेव्हाच लिहायला बसले असते तर नुसतं भांडण झालं असतं, म्हणून दोन दिवस जाऊ दिले. नाव लिहिलेलं नाही त्यामुळे दादा म्हणू की ताई ते कळत नाहीये, चालवून घ्या.

ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. 2021 च्या जुलैत चिपळूणला पूर आला तेव्हा चिखल काढायला बाहेरून जी पोरं आली त्यांच्यासाठी आम्ही काही जणांनी मिळून आठ दिवस जेवण केलं, त्यावर मी मागे लिहिलं होतं. त्यावर 'एक सांगलीकर' यांचं म्हणणं असं की गावातली माणसं उपाशी असताना धडधाकट पोरांना गरम वरणभात वाढणं म्हणजे सहलीची सोय झाली, सांगली भागातल्या बायकांनी रात्र जागून केलेल्या 600 पोळ्या तुम्ही परत पाठवल्या हा निव्वळ माज, आणि किती किलो तांदूळ लागला ते काय मिरवायचं, ते केटररचं काम.

पहिलं आधी घेते. 22 तारखेला, गुरुवारी पहाटे वाशिष्ठी नदीचं पाणी शहरात शिरलं आणि ओसरल्यावर घराघरात राहिला तो गाळ. गुडघाभर, कुठे त्याच्याहून जास्त, त्यात भिजलेल्या गाद्या, धान्याची पोती, उलटे पडलेले फ्रीज. तो पहिल्या दोन-तीन दिवसांत निघाला तर निघाला, नैतर घट्ट बसतो आणि मग फावडं आत जात नाही, टिकाव लागतो. एक सत्तरीचं जोडपं हे कसं काढणार सांगा मला? तर त्यांच्याकडे दहा पोरं जायची आणि संध्याकाळपर्यंत फरशी दिसायची. या पोरांनी येताना आपापला डबा आणावा असं तुम्ही लिहिलंय, आणलेला की, पण तो पहिल्या दुपारी संपला. बाजारपेठेतली किराणा दुकानं आणि हॉटेलं सगळी पाण्याखाली गेलेली, विकत तरी कुठे घेणार. आणि आणखी एक, लेप्टोच्या, म्हणजे पुराच्या घाण पाण्यातून होणाऱ्या तापाच्या भीतीने डॉक्टर येऊन डॉक्सीच्या (डॉक्सिसायक्लिन, अँटिबायोटिक) गोळ्या द्यायचे, ती गोळी उपाशीपोटी घेतली की मळमळतं, उलट्या होतात. म्हणून सकाळी सातला पोहे नैतर उपमा, मग गोळी, मग फावडं. सहल कसली हो!

आणि गावातल्यांना आम्ही वाढलं नाही हे कुठून काढलंत? पंगतीत बसलेल्याला तू कुठला असं कोणी विचारलं नाही. रविवारी 180 पानं झाली त्यात निम्मे तरी आमच्याच गल्ल्यांतले असतील, ज्यांची चूल-गॅस सगळं चिखलात गेलं होतं.

आता पोळ्या. यावर मी सविस्तर लिहायला हवं होतं, तेव्हा एका वाक्यात उरकलं ती माझी चूक. टेम्पो आमच्याकडे पोचला शनिवारी संध्याकाळी. पोळ्या बहुतेक तव्यावरून उतरवून गरमच पिशवीत घातलेल्या, प्लास्टिकच्या, वीस-वीसची थप्पी आणि मध्ये बटाट्याची भाजी, वर गाठ मारलेली. मी पहिली पिशवी सोडली तेव्हा आतून पाण्याचे थेंब माझ्या मनगटावर ओघळले. वरच्या चार ठीक होत्या, खालच्या एकमेकींना चिकटून गोळा झालेला आणि भाजीला तो वास, आंबूस, थोडा गोडसर, एकदा आला की विसरत नाही. अशा तीसेक पिशव्या उघडल्या आम्ही. दोन-तीनच बऱ्या निघाल्या, त्या ठेवून घेतल्या. बाकीच्या ड्रायव्हरच्या हातीच परत दिल्या, कारण टाकायला जागा नव्हती, रस्त्याच्या कडेला आधीच सडक्या धान्याचे ढीग होते.

एका पिशवीत चिठ्ठी होती, वहीच्या पानावर पेन्सिलने, 'पोळ्या आजच्याच आहेत, पोटभर खा.' ती वाचून पण मी परत पाठवल्या, आता तुम्हाला माज वाटत असेल तर वाटू दे.

पण का एवढी कडक झाले ते सांगते, हे मागच्या लेखात लाजेपोटी लिहिलं नव्हतं. त्याच्या आदल्या रात्री, म्हणजे शुक्रवारी, मी स्वतः केलेली वाटाण्याची उसळ दुसऱ्या दिवशी लोकांना बाधली. मोठा टोप भरून केली, थोडी उरली म्हणता म्हणता अर्धा टोप उरली, वर झाकण घातलं, सकाळी पोह्यांबरोबर देऊ म्हटलं आणि झोपले. घरच्या पातेल्यात हे खपून जातं हो, पण चाळीस लिटरचा टोप बाहेरून गार लागला तरी मधोमध तासन् तास कोमट असतो, आणि कोमट म्हणजे विरजण लावल्यासारखंच की, जंतूंना हवंच असतं ते. लाईट नाही, फ्रीज नाही, पावसाची दमट हवा. सकाळी वास विशेष नव्हता म्हणून उकळी आणून वाढली. दुपारपर्यंत सात पोरं आडवी. त्यातला एक इतका गळाला की सलाईन लावावं लागलं, आणि त्या दिवशी ज्या घरांत ही सात पोरं जायची ती घरं तशीच राहिली. उकळलं म्हणजे सगळं मरतं हा माझा समज होता, पण काही जंतूंनी अन्नात सोडलेलं विष उकळून जात नाही, हे त्या डॉक्टरांनी मला चार लोकांत सुनावलं.

तर संध्याकाळी तुमचा टेम्पो आला तेव्हा मी ह्या सगळ्यातून जेमतेम बाहेर आलेली.

त्यानंतर नियमच केला, शिजल्यापासून चार तासांत पानात नैतर बाहेर. उरेल एवढं करायचंच नाही, कमी पडलं तर परत टाकायचं. आणि इथेच तो किलोचा हिशोब येतो जो तुम्हाला मिरवणं वाटला. बसून काम करणाऱ्याला शंभर ग्रॅम तांदूळ पुरतो, चिखल उपसणाऱ्याला दीडशे लागतो, डाळ साठ. 180 जणांना 27 किलो तांदूळ आणि 11 किलो डाळ, हे ज्याला माहीत नाही तो चाळीस किलो शिजवतो आणि रात्री झाकण घालून झोपतो, माझ्यासारखा. पाण्याचंही तसंच, घरी वाटीला दोन वाट्या म्हणून पहिल्या दिवशी दहा किलोला वीस लिटर ओतलं आणि लगदा झाला, कारण मोठ्या टोपात त्या मानाने वाफ कमी जाते. मग आमच्या शेजारच्या काकूंनी सूत्रं हातात घेतली, भरपूर आधणात तांदूळ वैरायचा, शीत चेपून बघायचं, किंचित कणी राहिली की रोवळीत वेळून काढायचा. पेज फुकट गेली नाही, मीठ घालून ग्लासातून दिली, चिखलातून आलेल्या माणसाला चहापेक्षा ती बरी वाटायची. प्यायचं पाणी उकळून, हात आणि भांडी धुवायला टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकलेलं. मंगळवारी अंगारकी आली आणि तीस जण उपासाचे निघाले, तेव्हा मात्र मी हात टेकले, उकडलेले बटाटे, दाणे आणि केळी, चला.

तुमचा एक मुद्दा मात्र शंभर टक्के बरोबर आहे. त्या पोळ्यांचा फोटो मी लेखात टाकायला नको होता. ज्यांनी लाटल्या त्यांच्यातल्या कुणी तो बघितला असेल असं तेव्हा डोक्यातच आलं नाही. काल काढून टाकलाय. 2019 च्या ऑगस्टमध्ये तुमच्याकडे कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी पाणी 57 फुटांवर गेलं होतं, तेव्हा तुम्ही कोणाकोणाच्या भाकरीवर दिवस काढले असतील, त्यामुळे तुम्हाला लागलं ते मला कळतं.

आणि त्याच टेम्पोत तुमच्याकडून जे दुसरं आलं होतं ते आम्ही शेवटच्या कणापर्यंत संपवलं. कडक भाकरी दोन पोती, कोरड्या खणखणीत, आणि शेंगदाण्याची चटणी. भाकरी आमटीत कुस्करून पोरं अशी जेवली की काकू म्हणाल्या उद्यापासून भात कमी टाक. परत कधी वेळ आली, येऊ नये, तर हेच पाठवा. पोळ्याच द्यायच्या तर पूर्ण गार करून कागदात, भाजी नको.

चटणीचा एक डबा अजून माझ्याकडे आहे. स्टीलचा, मोठा, झाकणावर ठिपक्यांनी नाव कोरलेलं, पण ते झिजलंय, 'सौ.' आणि 'मिरज' एवढंच वाचता येतं. कोणाचा असेल ते विचारून बघाल का? रिकामा नाही पाठवायची, आमसुलं भरून ठेवलीयेत.