‘गाजरे चारून घोडी बिघडवली’ या अभिप्रायाला आमच्या प्रशिक्षण केंद्राचे उत्तर

महोदय,

आपला अभिप्राय आम्ही सर्वांनी वाचला. आपली तक्रार थोडक्यात अशी आहे की, टेम्पोत न चढणारी घोडी आपण आमच्याकडे ठेवली, आम्ही तिला काठीला लावलेल्या निळ्या चेंडूला नाक लावून गाजरे खायला शिकवले, आणि घरी नेल्यावर ती टेम्पोपाशी पुन्हा अडली, वर माणसांचे खिसे हुंगू लागली. सारंगखेड्याच्या यात्रेतून आणताना हीच घोडी चार माणसांनी मागून दोर लावून अर्ध्या तासात चढवली होती, मग एवढा खर्च कशासाठी, असे आपण विचारले आहे. इतर घोडेमालकही आम्हाला हेच विचारतात, म्हणून उत्तर येथेच देत आहोत.

दोर लावून घोडे चढते, हे आम्ही नाकारत नाही. मात्र त्या अर्ध्या तासात घोडी काय शिकली, तेही पाहावे लागते. आमच्याकडे आली तेव्हा टेम्पोचा फाळका पडल्याच्या आवाजानेच ती मान वर टाकून मागे सरत असे. टेम्पो म्हणजे मागून ओढ आणि फळीवर निसटणारी टाप, एवढेच तिच्या लक्षात राहिले होते. घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे पोटशूळ उठला तर प्रकरण लवकर हाताबाहेर जाते. अशा वेळी मध्यरात्री चार माणसे आणि दोर शोधत बसण्यापेक्षा घोडी एका माणसामागे आत गेलेली बरी.

चेंडू निळा असतो, कारण घोड्याला लाल आणि हिरवा हे रंग नीट वेगळे ओळखता येत नाहीत, निळा मात्र स्पष्ट दिसतो. आणि तो किंचित बाजूला धरतो, कारण अगदी नाकासमोरचे त्याला दिसत नाही. नाक चेंडूला लागले की त्याच क्षणी ‘टक्’ असा आवाज करायचा आणि मग खाऊ द्यायचा. हा आवाज गाळता येत नाही, कारण खाऊ तोंडाशी पोहोचेपर्यंत घोडी दुसरेच काही करू लागलेली असते आणि तो कशाबद्दल मिळाला, हे तिला उमगत नाही. एवढे पक्के झाले की चेंडू जाईल तिकडे ती आपणहून जाते. आपल्या घोडीचा पुढचा एक पाय फळीवर, मग दोन, असे करत काम पुढे सरकले, आणि प्रत्येक वेळी तिला मागे उतरण्याची मुभा होती. आपल्याला वेळेचा अपव्यय वाटला तो हाच भाग असावा. पण परतीची वाट मोकळी आहे अशी खात्री पटल्यावरच तिने मागचे पाय आत घेतले.

याला आपण लाच म्हटले आहे. टेम्पोत चंदीची बादली ठेवून बोलावले, तर घोडे मान लांबवून घास घेते आणि मागचे पाय जमिनीवरच ठेवते. आमच्याकडे पाऊल पडल्याखेरीज खाऊ दिसतच नाही. सकारात्मक प्रबलनाची, म्हणजे हवे ते केल्यावर लगेच बक्षीस देऊन शिकवण्याची, ही पद्धत आमच्या डोक्यातून निघालेली नाही. फर्ग्युसन आणि रोझालेस-रुईझ या संशोधकांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, पूर्वी धाकाने गाडीत चढवल्या गेलेल्या पाच घोड्यांना याच रीतीने शिकवले होते, आणि त्यांचे गाडीपाशी अडणे-बिथरणे पूर्णपणे थांबले होते.

खिसे हुंगण्याबद्दल सांगायचे तर, आमच्याकडे खिशाकडे तोंड नेणाऱ्या घोड्याला काहीही मिळत नाही. मान सरळ असेल तरच, हात पूर्ण लांब करून, आवाजानंतर तुकडा दिला जातो. (गाजर उभे चिरायचे, कारण गोल चकत्या घशात अडकू शकतात.) येता-जाता हातून गूळ मिळू लागला की कोणतेही घोडे खिसा शोधणारच. आपणच लिहिले आहे की घरी मुले तिला गूळ देतात, चेंडू अडगळीत पडला आहे, आणि पहिल्याच फेरीला मोतद्दाराने (घोडीची देखभाल करणाऱ्या माणसाने) तोंडाला बांधलेली मोरखी धरून तिला आत ओढले. निरोपाच्या वेळी त्याच मोतद्दाराने आमच्यासमोर चेंडू धरून तिला आपल्याच टेम्पोत चढवले होते, आणि घरी काय करायचे याचा लेखी कागदही आपल्याला दिला होता. घोडी तयार करणाऱ्या पारंपरिक चाबूकस्वारांच्या कसबाबद्दल आम्हाला आदर आहे, पण एकाच घोडीवर आज चेंडू आणि उद्या दोर चालवला, तर तिने चेंडूवर विश्वास का ठेवावा?

काम ठरल्याप्रमाणे पूर्ण झाले असल्याने शुल्क परत करता येणार नाही. तथापि आपण घोडी, टेम्पो आणि मोतद्दार यांच्यासह कोणत्याही सकाळी यावे. त्या उजळणीचे पैसे आम्ही घेणार नाही, आणि या वेळी चेंडू आपण स्वतः हातात धरावा, अशी विनंती आहे. घोडी टेम्पोत चढत नसल्यास तसे कळवावे, आमचा माणूस आपल्याकडे येईल. तोवर तिला दोर लावू नये आणि हातून गूळ देणे बंद ठेवावे.

आपला,
केंद्रचालक