कमेन्समेंटची तारीख कुठली घालू?

जीएसटी नोंदणीच्या फॉर्मात ‘डेट ऑफ कमेन्समेंट ऑफ बिझनेस’ असा एक रकाना असतो. पॅन, आधार, भाडेकरार यांतून धडपणे पार पडलेला माणूस इथं येऊन अडतो.

‘मामा, कमेन्समेंट कधीची घालू?’

‘घाल की पाडव्याची.’

‘पाडव्याला शटर तरी होतं काय हो?’

‘शटर नसू दे. पूजा झालीया न्हवं?’

मामांचं अगदीच चुकत नाही. आमच्या बेळगाव भागात एका दुकानाला चार सुरुवाती असतात. साडेतीन मुहूर्तांपैकी एकावर पूजा, मग हेस्कॉमचं वीजमीटर, मग पहिला माल, आणि पाहुण्यांना सवड मिळेल तेव्हा फीत. कमेन्समेंट म्हणजे धंदा खरोखर चालू झाला तो दिवस. खरेदीचं बिल, विक्रीची पावती, असला एखादा कागद त्या तारखेच्या बाजूनं उभा राहायला पाहिजे. नारळाची पावती चालत नाही.

फीत कापतात ते इनॉगरेशन. प्राचीन रोममध्ये पक्ष्यांचं उडणं बघून देवांचा कौल सांगणारे ‘ऑगर’ असत, त्यांच्यावरून हा शब्द आला. म्हणजे मामांचा पाडवा इथं शोभला असता, पण फॉर्मात हा रकानाच नाही. इन्सेप्शन संस्थांना लागतं. सोसायटीच्या अहवालात ‘सिन्स इन्सेप्शन’ बरं दिसतं, पानपट्टीला जड होतं. ऑनसेट ताप, दुखणी आणि मान्सूनसाठी राखून ठेवलेला. ‘ऑनसेट ऑफ बिझनेस’ लिहिलंत तर वाचणारा औषध विचारेल. ‘ॲट द आउटसेट’ प्रमुख पाहुण्यांच्या तोंडी असतं, आणि त्यानंतर अर्धा तास सुरुवातच चाललेली असते.

क्रियापद कमेन्स. आमंत्रणाच्या कार्डावर ‘कमेन्सिंग फ्रॉम’ छापतात, तिथं ‘ऑन’ पुरे. गाडी मात्र कमेन्स होत नाही, कितीही किक मारा. ती स्टार्टच होते. कमेन्समेंटच्या स्पेलिंगची बारा अक्षरं: एम तीन, त्यांतले पहिले दोन शेजारी, आणि ई तीन. बॅनरवाला हटकून एक एम वाचवतो.

खरा चकवा दुसऱ्या रकान्यात आहे: नोंदणीची जबाबदारी कधी आली? दोन्हीकडं पाडवा भरून मोकळे होणारे पुष्कळ. नुसता माल विकणाऱ्यावर ही जबाबदारी वर्षाची उलाढाल ४० लाखांवर गेली की येते. पण ही सवलत राज्यातल्या राज्यात. निपाणीच्या दुकानदारानं कागलच्या गिऱ्हाइकाला करपात्र मालाचं एक खोकं पाठवलं, की उलाढाल चार हजार का असेना, नोंदणी सक्तीची; कारण कोगनोळी ओलांडली की महाराष्ट्र. कागलहून माल आणला म्हणून काही होत नाही, पाठवला की होतं. सीमाप्रश्न २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे. आयजीएसटीनं, म्हणजे एका राज्यातून दुसऱ्या राज्यात होणाऱ्या विक्रीवरच्या जीएसटीनं, आपल्यापुरता निकाल कधीच लावून टाकलाय.

जबाबदारी आल्यापासून ३० दिवसांत अर्ज केला, तर नोंदणी त्याच तारखेपासून धरतात आणि शिल्लक मालावर भरलेल्या कराचं क्रेडिटही, म्हणजे पुढच्या करातून वजावट, मिळतं. उशीर झाला की नोंदणी मंजुरीच्या दिवसापासून. मधल्या विक्रीवरचा कर स्वतःच्या खिशातून, आणि त्या शिल्लक मालाच्या क्रेडिटवर पाणी. म्हणून माझं मत विचाराल, तर मुहूर्तासाठी पंचांग बघा आणि पहिलं खोकं सीमेपार धाडायच्या आधी कॅलेंडर.

भाडेकरार जूनचा आणि कमेन्समेंट पाडव्याची दिसली, तर अधिकारी आरईजी-०३ ही नोटीस पाठवून खुलासा मागू शकतो. उत्तर आरईजी-०४ या फॉर्मात द्यायचं, कामाच्या ७ दिवसांत. त्यात ‘पूजा घरी झाली होती’ असं लिहू नये. धंदा खरंच आधी घरून चालत होता, तर तसं सांगून घरचं लाईटबिल आणि बिलं जोडावीत. नाहीतर सरळ तारीख बदलावी. मामा रुसलेच, तर त्यांना सांगावं, कार्डावर पाडवाच ठेवू की, कार्ड कुणी अपलोड करायला सांगत नाही.