लाइट गेली की मला आनंद होतो

आमच्या धाकट्या जावेनं मला टॅग केलंय. सध्या सगळीकडे चाललंय ना ते, ‘माझ्याबद्दल तुम्हाला माहीत नसलेल्या दहा गोष्टी’. तिनं स्वतःच्या दहा लिहिल्या आणि खाली टाकलं, “आता ताईंची पाळी.” घरचंच माणूस, नाही म्हणता येत नाही.

आठवडाभर लोकांच्या याद्या वाचतेय. ‘मी पटकन कुणावरही विश्वास ठेवते.’ ‘मला खोटं अजिबात चालत नाही.’ ‘मला पहिल्या पावसाचा वास आवडतो.’ अहो, पहिल्या पावसाचा वास न आवडणारा माणूस दाखवा, त्याच्याबद्दल मी चवीनं वाचेन. या याद्या आणि मुलगी दाखवताना द्यायचा बायोडाटा यांत मला तरी फरक दिसत नाही. खरा विक्षिप्तपणा घरच्यांना पाठ असतो आणि पाहुणे आले की ते तो झाकायला बघतात.

आता आमच्या स्वयंपाकघरात दोन घड्याळं आहेत. एक बरोबर चालतं. दुसरं साडेपाच तास मागे असतं, आणि ते तसंच असायला हवं असा माझा हुकूम आहे. ते जीएमटी, म्हणजे इंग्लंडमधल्या ग्रिनिचची वेळ दाखवतं. नवीन आलेली प्रत्येक पोळीवाली, प्रत्येक पाहुणा, एकदा तर गॅसचा माणूससुद्धा म्हणाला, “मॅडम, सेल गेलाय.” आमचे हे घाईघाईनं म्हणतात, “हो हो, बदलायचाय.” लग्नाला इतकी वर्षं झाली, पण बायको ग्रिनिचची वेळ बघत भाजी फोडणीला टाकते हे त्यांना अजून चारचौघांत सांगवत नाही.

बाकीचं भराभर सांगून टाकते. औषधाच्या खोक्यातली ती घडी घातलेली बारीक अक्षरांची चिठ्ठी मी शेवटपर्यंत वाचते. लग्नपत्रिकेत प्रेषक आणि निमंत्रक यांच्यानंतर जी बालगोपाळांची फौज असते, तिच्यातली नावं मोजते. आणि लाइट गेली की मला आनंद होतो. हे शेवटचं आणि ते घड्याळ, दोन्ही एकाच ठिकाणाहून आलेत. लहानपणी मला रेडिओचा नाद होता. गाण्यांचा म्हणत नाही, रेडिओचा.

आमचं गाव परभणी जिल्ह्यातलं. वडील, म्हणजे नाना, जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. घरात मर्फीचा ट्रान्झिस्टर, त्यावर एक मिडियम वेव्हचा आणि दोन शॉर्ट वेव्हचे पट्टे, चार मोठे सेल. सेल मंदावले की आई ते माळवदावर उन्हात ठेवायची, मग आणखी दोन-चार दिवस चालायचे. दिवसभर रेडिओ नानांचा. परभणी केंद्र, १३०५ किलोहर्ट्झ, सकाळच्या बातम्या, शेतकऱ्यांसाठीचा कार्यक्रम, बाजारभाव. रात्री नाना झोपले की रेडिओ माझा.

पाण्याच्या मोटारी रिवाइंड करायच्या दुकानातून जुनी तांब्याची तार मागून आणली होती. ती माळवदावरच्या खुंटीपासून शेजारच्यांच्या लिंबापर्यंत ताणलेली. तिचं एक टोक रेडिओच्या एरियलला गुंडाळायचं आणि गोधडीत बसून बटण फिरवायचं, तेही केसाएवढं. शॉर्ट वेव्हवर बटण जरा जास्त फिरलं की तीन देश मागे पडतात.

दिवसा आपल्या डोक्यावरच्या हवेतला एक थर मिडियम वेव्ह गिळून टाकतो. सूर्य मावळला की तो विरतो, आणि मग त्याच्या वरच्या थरावर आपटून लहरी शेकडो किलोमीटरवर जाऊन उतरतात. शॉर्ट वेव्ह तर समुद्रच ओलांडते. हे शास्त्र मला फार नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळत होतं की जेवणं आटोपली की जग जवळ सरकतं. जर्मनीचं डॉइश वेले हे केंद्र सुरू व्हायच्या आधी बेथोव्हनच्या ‘फिदेलिओ’ या ऑपेरातली धून नाजूक टिणटिण करत वाजायची. नेदरलँडच्या केंद्राच्या घंटा. ऑस्ट्रेलियाचा तो खदाखदा हसणारा कूकाबुरा पक्षी, जो पहिल्यांदा ऐकला तेव्हा रेडिओ बिघडला असंच वाटलं. आपल्या आकाशवाणीची सकाळची धूनसुद्धा प्राग सोडून मुंबईत आलेल्या वॉल्टर कॉफमन या ज्यू संगीतकारानं बांधलेली आहे, हे कळलं तेव्हा मला उगाच आपलेपणा वाटला होता.

स्टेशन ऐकायचं म्हणजे काय करायचं, तर नोंद ठेवायची. परदेशी केंद्रांना पत्र पाठवायचं की अमुक तारखेला, अमुक वेळेला, अमुक फ्रिक्वेन्सीवर तुम्ही आमच्याकडे पोचलात. वेळ जीएमटीमध्ये. (घड्याळ कळलं?) मग आवाज कसा होता त्याचे पाच आकडे, एक ते पाच गुणांत: आवाजाचा जोर, दुसऱ्या केंद्राची ढवळाढवळ, खरखर, लहरींचं चढणं-उतरणं आणि एकूण. याला सिन्पो म्हणतात. ४३४३३ असं लिहिलं की नेदरलँडचं केंद्र जिथे होतं त्या हिल्व्हरसमच्या माणसाला कळायचं, आमच्या माळवदावर त्याचा आवाज कसा येत होता. खोटं लिहू नये म्हणून कार्यक्रमाचा तपशीलही द्यावा लागतो. भाषा कळत नसेल तर ‘पुरुष बोलला, मग घंटा, मग बाईनं गाणं म्हटलं’ एवढंही चालतं. रिपोर्ट जुळला की ते केंद्र क्यूएसएल कार्ड पाठवतं. क्यूएसएल हा तारायंत्राच्या जमान्यातला संकेत, पोच मिळाल्याचा.

पण फ्रिक्वेन्सी कळणार कशी? त्या डायलवर आकडे म्हणजे २५, ३१, ४९ असे मीटरचे मोघम पट्टे. मी प्रॅक्टिकलच्या वहीतला आलेखाचा कागद उभा कापला आणि काचेखाली काट्याच्या मागे चिकटवला. ज्या केंद्राची फ्रिक्वेन्सी ते स्वतःच सांगतं, तिथे पेन्सिलनं खूण. दोन खुणांमध्ये किती बारीक घरं आहेत ते मोजून मधल्याची फ्रिक्वेन्सी काढायची. यात एक गोम असते. काटा दोऱ्यावर चालतो, आणि दोऱ्याला ढील असते. डावीकडून आलात तर काटा एका घरावर थांबतो, उजवीकडून आलात तर त्याच केंद्राला दुसऱ्या. म्हणून नेहमी डावीकडूनच यायचं. थोडं पुढे गेलात तरी पूर्ण मागे जाऊन परत डावीकडून. ही शिस्त मी आयुष्यात दुसऱ्या कशातही पाळलेली नाही.

आणि खरखर! समोरच्यांच्या ट्यूबलाइटचा चोक, शेतातल्या मोटारी, कुणाचा तरी कोरडा पडलेला पंखा, सगळं त्या तारेतून रेडिओत यायचं. मग कधीतरी लाइट जायची. गावभर ‘गेली रे’ असा एकच ओरडा, बायका चिमण्या शोधतायत, पोरं रडतायत, आणि माझ्या कानाशी ती घरघर अशी चिरल्यासारखी थांबायची. तिच्याखाली दबलेला कुणीतरी स्पष्ट बोलायला लागायचा. इक्वेडोरच्या किटो शहरातलं एचसीजेबी केंद्र मी अशाच एका अंधारात पकडलंय. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘लाइट का गेली???’ सुरू झालं की अजूनही माझ्या पोटात गुदगुल्या होतात. तेवढ्यात सगळ्यांचे इन्व्हर्टर सुरू होतात आणि मजा जाते, तो भाग वेगळा.

कार्डं यायची महिन्या-दोन महिन्यांनी. ‘पोस्टबॉक्स २२२, हिल्व्हरसम’ हा पत्ता मला आमच्या पिनकोडाच्या आधी पाठ होता. परदेशी तिकिटांचं पाकीट आलं की पोस्टमनकाका ते अख्ख्या गल्लीला दाखवत यायचे. आजीला काळजी. “काय गं बाई, कोन लिव्हतंय तुला तिकडून?” रेडिओवाले, म्हटलं तरी पटायचं नाही. शेवटी तिनं नानांना सुचवलं की पोरीचं लग्नाचं बघा, रातच्याला कुणाकुणाचं ऐकत बसते. नाना हसले, पण दुसऱ्या दिवशी त्यांनी एक कार्ड निरखून वाचलं. मनोऱ्याचं चित्र, मागे तारीख, वेळ, फ्रिक्वेन्सी. म्हणाले, “पण यात तुला काय मिळालं?” म्हटलं, कार्ड. त्यावर ते काही बोलले नाहीत. मास्तर माणूस, उत्तर बरोबर होतं हे त्यांना कळलं असावं.

गावाला माझ्या नादाचा उपयोग एकदाच झाला. ३१ ऑक्टोबर १९८४. दिवाळीच्या सुट्ट्या होत्या. इंदिराबाईंना गोळ्या लागल्या असं कुणीतरी बसमधून ऐकून आलं. बीबीसीनं दुपारपर्यंत त्या गेल्याचं सांगितलं होतं, आकाशवाणीनं सांगायला संध्याकाळ उजाडली. आलेखाच्या कागदावर बीबीसीची खूण होतीच. आमच्या ओट्यावर माणसं जमली, इंग्रजी बातमी, तिचं मी तोडकंमोडकं मराठी करतेय, आणि ज्या लोकांनी मला खुळी ठरवलं होतं ते म्हणतायत, “गप रे, पोरीला ऐकू दे.” दुसऱ्या दिवशी मी पुन्हा खुळी.

हा प्रसंग सांगितला की लोकांचे डोळे चमकतात. “बघ! म्हणजे त्या छंदाचा फायदा झालाच की!” आणि इथेच माझं सगळ्यांशी भांडण आहे.

हल्ली कुणीही लहानपणाचा छंद सांगायला लागलं की शेवटी तो कुठेतरी पोचतो. मातीचे बैल करायचो, म्हणून आर्किटेक्ट झालो. पतंग उडवायचो, म्हणून पायलट. मुलाखती वाचा, भाषणं ऐका, सगळीकडे हाच साचा. मी ट्रेझरीत बिलं तपासते. पगारबिलं, पेन्शन, मेडिकल. रात्री हिल्व्हरसम ऐकण्याचा आणि मेडिकल बिलातला आक्षेप काढण्याचा काडीचाही संबंध नाही. माझं इंग्रजी सुधारलं म्हणावं, तर बारावीचे मार्क घरात आहेत. किटो ही इक्वेडोरची राजधानी हे मला माहीत होतं, ते आजतागायत कुठल्याही परीक्षेत विचारलेलं नाही. मी इंजिनियर झाले नाही, निवेदक झाले नाही, हॅम रेडिओचं लायसन्सही काढलं नाही. त्या नादाचं पुढे काहीही झालं नाही. आणि तरी त्या वर्षांतल्या ज्या रात्री मला लख्ख आठवतात, त्या सगळ्या त्या गोधडीतल्या आहेत. फायदा दाखवला नाही तर सांगायचंच नाही, असा काही नियम आहे का?

हे सगळं आठवायला एक कारण झालं, ते म्हणजे जावेचाच मुलगा. सहावीत आहे. त्याला एसटीचं वेड आहे. बस दुरून दिसली की नंबरवरून सांगतो ती कुठे बांधली: एमएच १४ म्हणजे दापोडीचं वर्कशॉप, एमएच २० म्हणजे आपलं चिकलठाणा, एमएच ४० म्हणजे नागपूरचं हिंगणा. अंगावर रंगवलेलं आगाराचं नाव वाचायचं आणि वहीत लिहायचं. मी त्याला सिडको स्टँडवर घेऊन जाते. तो लिहितो, मी शेंगदाणे खाते. मागच्या रविवारी अहेरी आगाराची गाडी दिसल्याचा त्याला भास झाला. इतक्या लांबची गाडी इथे कशी, म्हणून धावत जाऊन बघून आला. नव्हती. तरी त्याचा चेहरा बघण्यासारखा होता.

यावर घरात दोन पक्ष आहेत. दीर म्हणतात, वही बंद कर, स्कॉलरशिपची तयारी कर. जाऊ म्हणते, ताई, याचं यूट्यूब चॅनल काढू या, अशा मुलांना किती व्ह्यूज मिळतात! मला विचाराल तर दोघं एकच बोलतायत. याचं पुढे काय होणार? काहीही होणार नाही हो. तो पंचेचाळिसाव्या वर्षी कुठल्यातरी ऑफिसात बसलेला असेल, खिडकीतून एसटी जाईल आणि त्याला ती हिंगण्याची आहे हे कळेल. बस्स. कॅमेऱ्यासमोर उभं केलंत तर तो बसकडे बघायचं सोडून किती जण आपल्याकडे बघतायत ते बघायला लागेल. बाई, तुझ्या टॅगला हे माझं उत्तर. राग मानू नकोस, रविवारी पुरणपोळीला या.

आता कार्डं पाठवणारं फारसं कुणी उरलं नाही. नेदरलँडचं शॉर्ट वेव्ह प्रसारण २०१२ मध्ये थांबलं, ऑस्ट्रेलियाचं ३१ जानेवारी २०१७ ला, बीबीसी हिंदीचं शॉर्ट वेव्ह ३१ जानेवारी २०२० ला. फ्लॅटमध्ये तसंही काही लागत नाही. एलईडी दिवे, चार्जर, राउटर, सगळ्यांची मिळून जी कचकच होते तिच्यापुढे तो ट्यूबलाइटचा चोक संतमाणूस होता.

मी कुणालाही टॅग करत नाहीये. फक्त एक काम आहे. नानांचा मर्फी माझ्याकडे आहे आणि त्याच्या डायलचा दोरा तुटलाय. इथले दोन-तीन मेकॅनिक ‘ब्लूटूथचा घ्या’ म्हणतात. संभाजीनगर, जालना, परभणी भागात दोरा ओवून देणारा कुणी जुना माणूस माहीत असेल तर इनबॉक्समध्ये कळवा. आणि त्याला आधीच सांगून ठेवा, आतला आलेखाचा कागद काढायचा नाही.